बदकीचं उसनं पाणी

बदकीनं काल दुपारी स्वतःच्या छातीची पिसं उपटली. चोचीनं एकेक ओढून काढली आणि फुटक्या रांजणातल्या भुसकटावर अंथरली. मी बाजेवर पडून बघत होतो. चैत्र सरत आलाय, लिंबाचा फुलोरा अंगणभर सांडलाय, कडब्याची गंजी उन्हानं तडतडतेय, आणि ही येडी छाती उघडी करून अंड्यांवर बसली. एरवी अशा वेळी मी घरात हाक मारायचो, "बसली गं तुझी बातू." आतून हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज यायचा, मग ती पदराला हात पुसत बाहेर यायची. काल हाक ओठापर्यंत आली आणि तिथंच राहिली. आत ऐकायला कोणी नाही. निंगवा, माझी बायको, ह्या माघात गेली.

बातू म्हणजे बदक. शब्द तिचा. ती नळदुर्गच्या बाजूची, तिकडं निम्मं बोलणं कानडी. बदकांना बोलवायचं तर "बा, बा, बा" करायची. तिकडच्या बोलीत बा म्हणजे ये. आमच्या बदकांच्या किती पिढ्या झाल्या, त्यांनी कधी नळदुर्ग बघितलं नाही, पण अजून कानडीच ऐकतात. मराठीत बोलावलं तर मान वाकडी करून बघतात, जसा कोणी परका माणूस दारात उभा आहे.

माझी शाळा दोन पावसाळ्यांची, तीबी उर्दूत. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य, आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. मराठी अक्षर मी मागून दुकानाच्या पाट्या वाचत शिकलो. तेव्हा लिहिण्यात चूक निघाली तर काढा. सांगण्यात काढू नका.

परवा देवळात प्रवचन झालं. बुवा म्हणाले, ज्यानं आपलं वाईट केलं त्याला मनातून सोडून द्या, म्हणजे आपणच मोकळे होतो. माणसं माना हलवत होती. मी काठी घेतली आणि उठून आलो. मला मोकळं व्हायचं नाही. तिच्यामागं माझ्याकडं दोनच गोष्टी उरल्या, ही बदकं आणि एक राग. बदकांना मी दाणापाणी घालतो. मग रागाला का उपाशी मारू?

तो उन्हाळा असाच होता, ह्याच्यापेक्षा कडक. आमचं गाव लोहाऱ्याकडचं, काळ्या रानाचं. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडायच्या, त्यांत माणसाचा पाय घोट्यापर्यंत जायचा. आम्ही गावचे कोळी. पाटलाच्या घरी आणि चावडीवर पाणी भरणं हे आमच्या घराकडं बापजाद्यापासून. गावाबाहेर दगडी पायऱ्यांची बारव होती, ती पाटलाची. सकाळ-संध्याकाळ तिथनं घागरी आणायच्या, त्याचा रांजण भरायचा, आणि खळ्यावर ज्वारीचं जे काय वाट्याला येईल ते पदरात घ्यायचं.

निंगवा आमच्या घरात नवी होती. तिचा बाप पाण्याकाठचा, मासे धरणारा. त्यानं लेकीला नांदायला आणून घातली तेव्हा तिच्या डोक्यावर बांबूचं डालं होतं, आणि डाल्यात बदकांची जोडी. एवढ्या लांबून ती डालं डोक्यावर घेऊन चालत आली. आमच्या गावात बदक कोणी बघितलं नव्हतं. पोरं मागं लागली. माझी आय दारात भाकरतुकडा घेऊन उभी, तिनं सुनेच्या आधी डाल्यात बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, ही कोंबडी हाय का होडी?"

नर काय देखणा होता. मानेला हिरवी झळाळी, उन्हात निळी दिसायची. शेपटीवर एक पीस वर वळलेलं, जणू कोणी बोटाला गुंडाळून सोडलंय. आणि एवढ्या रुबाबाच्या गड्याचा घसा मात्र बसलेला. बदकी कलकलाट करायची, हा आपला हॅस हॅस. निंगवा म्हणायची, "तुमच्यासारखाच हाय. दिसायला मोठा, बोलायला काय न्हाय."

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

फाल्गुनाच्या शेवटाला गावात गिरदावर साहेब, म्हणजे निजामाचे वसुली तपासणारे अंमलदार, दौऱ्यावर आले. साहेब आले की चावडी सारवायची, घोड्याला कडबा, साहेबाला कोंबडं, हा दस्तूर. ज्याच्या घरचं उचललं त्यानं हात जोडायचे. त्या दिवशी पाटलाचा गडी आमच्या अंगणात आला आणि सरळ नराच्या मागं लागला. निंगवा सारवत होती. शेणानं भरल्या हातानं आडवी गेली.

"कोंबड्या घ्या. दोन घ्या. तेवढा नर सोडा."

"पाटलांनी ह्योच सांगितलाय," गडी म्हणाला. "कोंबडं काय, साहेब रोज खातोय. कायतरी नवं पायजे."

"माझ्या बापानं दिलाय तो."

"मग बापाला सांग आनखी एक द्यायला."

पंखाला धरून घेऊन गेला. नर ओरडलासुद्धा नाही, त्याला ओरडता येत नव्हतं. बदकी मात्र वाटेपर्यंत धावत गेली, पडत, उठत, त्या असल्या पायांनी.

मी तेव्हा चावडीत पाणी भरत होतो. मला ठावं नव्हतं कोणाच्या घरचं शिजतंय. ताटं मांडली तेव्हा पाटलानंच मोठ्या तोंडानं सांगितलं, आमच्या कोळ्याच्या घरचं बदक आहे, साहेब, ह्या मुलखात मिळायचं नाही. साहेबानं मागितलं नव्हतं. हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय आणि कानानं ऐकलंय. साहेब भाकरी आणि पिठल्यावर खूश दिसत होता. त्यानं एक घास चावला, चावला, आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"ये गोश्त है के चमडा, पटेल?"

पाटील हसला. खूप हसला. ताट उचलून त्यानं पायरीखाली कुत्र्यांपुढं ओतलं.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. कुत्र्याचंसुद्धा सांगितलं, झाकून ठेवलं नाही. ती रडेल म्हणून मी भिंतीकडं तोंड केलं. ती म्हणाली, "पिसं कुठं टाकलीत?"

चावडीमागच्या उकिरड्यावर होती. गेली, हातानं उकरलं, आणि ते शेपटीवरचं वळलेलं पीस घेऊन आली. धुतलं, वाळवलं, देवाच्या फळीवर ठेवलं. त्या दिवसापासून तिनं पाटलाचं नाव घेतलं नाही. "त्यो" म्हणायची. मरेपर्यंत त्यो.

तिच्या बापाकडनं तिला एक ठाऊक होतं. नर गेला तरी बदकी थोडे दिवस जित्ती अंडी घालते. त्याच्या पुढची सगळी मोकळी, खायच्या कामाची. तेव्हा घरात जेवढी ताजी अंडी होती आणि त्या आठवड्यात जेवढी पडली, तेवढाच त्या नराचा वंश. तिनं ती ज्वारीच्या कणगीत गारव्याला ठेवली, आणि आयला बजावलं, "आत्याबाई, ह्यांतलं एकबी फोडायचं न्हाय." सुनेनं सासूला असं बोलायची रीत नव्हती. पण आयनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कणगीवर सूप झाकलं.

मग वाट बघणं आलं. बदकीचा काही भरवसा नसतो. कोंबडी खुडूक बसली की दाण्यालासुद्धा उठत नाही. बदकीला मात्र मनात आलं तर बसते, मनात आलं तर अंडी सोडून चिखल हुडकत जाते. निंगवानं अंगणाच्या कोपऱ्यात फुटका रांजण आडवा घातला, आत भुसकट, पुढं तुराट्यांचा आडोसा. अंडी मांडली. बदकी येऊन बघायची आणि जायची. बघायची आणि जायची. निंगवा दारात बसून तिला कानडीत काय काय सांगायची. मला निम्मं कळायचं नाही. एक दिवस बदकी आत शिरली, छातीची पिसं उपटली, आणि बसली. निंगवानं मला बोलावलं नाही, नुसता हात वर केला. हलू नका.

आमच्याकडं अंड्यांत लोखंड ठेवतात. वीज कडाडली तर आतला जीव हादरतो, लोखंड असलं की वीज त्याच्यात उतरते, असं म्हणतात. वळवाचे दिवस जवळ आलेले, दुपारी आभाळ नुसतं गुरगुरायचं. तिनं आपला विळा भुसकटाखाली सरकवला. मग गवत कापायला विळा नाही. हातानं उपटून आणायची, बोटं चिरायची. मी म्हणालो, "खिळा ठेव की, खिळा चालतो." म्हणाली, "खिळ्यानं कोंबडीचं भागतं. ह्येंच्यावर लईजणांची नजर हाय."

पण विजेपेक्षा मोठी अडचण पाण्याची.

बदकीला अंड्यावर बसल्यावरसुद्धा रोज एकदा पाण्यात उतरायला लागतं. अंग भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. ती ओल कवचातनं आत जाते. नाहीतर आतला पापुद्रा वाळून कडक होतो आणि पिलू त्याला चिकटून कवचातच मरतं, बाहेर यायच्या तोंडावर. नळदुर्गच्या पाण्याकाठी हे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. बारव पार खाली गेली होती. आणि पाटलानं चावडीवर दवंडी दिली, पाणी फक्त माणसाला आणि गुराला.

मी त्याला जाऊन विचारलं. हात जोडून विचारलं, हे लिहिताना आजबी हाताला घाण वाटते.

"पाटील, बदकी अंड्यावर हाय. रोज एक घागर पायजे."

पाटील पान लावत होता. "कोळ्या, उन्हानं डोकं फिरलं का तुझं? माणसं तहानली आन बदकाला आंगूळ? बारवेचं पाणी माझ्या रांजणात आलं पायजे. एक थेंब वाटंत जिरला तर खळ्यावर येऊ नगंस."

घरी येऊन सांगितलं. निंगवा चुलीपुढं होती. राखेत काडीनं काहीतरी ओढत बसली. मग म्हणाली, "थेंब जिरवायचा न्हाय म्हणाला?"

"न्हाय."

"सगळं पाणी त्येच्या रांजणात आलं पायजे म्हणाला?"

"व्हय."

"मग येईल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारवेवरनं घागर घेऊन निघालो, तर ही वाटेवर उभी. "घराकडनं चला." अंगणात दगडाची डोणी होती, घासून लख्ख केलेली. तिनं घागर डोणीत ओतली. "बा, बा, बा." बदकी तुराट्यांच्या आडोशातनं बाहेर आली, डोणीत उतरली. काय ती आंघोळ! मान बुडवायची, पाठीवर पाणी घ्यायची, पंख आपटायची, बूड हलवायची, आणि पाण्यात जे करायचं ते सगळं करायची. निंगवा हातात भांडं घेऊन उभी, एक थेंब बाहेर उडाला तर तो झेलायला तयार. बदकी वर आली, ठिबकत ठिबकत गेली आणि अंड्यांवर बसली. मग निंगवानं तांब्यानं डोणीतलं पाणी भरून घेतलं, पदराच्या दुहेरी घडीनं गाळलं, पिसं बाजूला काढली, घागर काठोकाठ केली आणि माझ्या डोक्यावर दिली.

"न्या. उसनं घेतलं होतं, परत केलं."

मी त्या घागरीखाली हसत हसत गेलो. बापजाद्यापासून ती घागर आमच्या मानेवर दगडासारखी बसायची. त्या सकाळी ती फुलाच्या टोपलीसारखी होती.

मग रोज तेच. पाटलाच्या रांजणात जाणारी सकाळची पहिली घागर बदकीच्या पोटाखालनं जायची. तो त्या पाण्यानं तोंड धुवायचा, देव धुवायचा, चहा करायचा. नव्यानंच चहा लागला होता त्याला, मोठेपणाचा. एकदा मी रांजण भरत असताना त्यानं चहा पितळीत ओतून फुर्र केलं आणि म्हणाला, "कोळ्या, पाणी हल्ली गोड लागतंय रं."

"खालचा झरा मोकळा झालाय, पाटील," मी म्हणालो.

मला त्याचा पस्तावा नाही. तेव्हा नव्हता, आता नाही. पुढं त्याला दमा लागला तेव्हा माझ्या मनात एकदा आलं खरं, पण दमा त्याच्या बापालाबी होता. आमच्या बदकीवर तो आळ नको.

मी कधी कधी डोणीशी बसून विचार करतो. अंडं नुसत्या उबेवर निघत नाही. त्याला ओल लागते, आणि बदकी चोचीनं ते दिवसातनं किती वेळा फिरवते. एका अंगावर पडून राहिलं की आतला जीव कवचाला चिकटतो. राग तसाच. लोकांना वाटतं राग म्हणजे आग, भडकला आणि विझला. तो आगीचा राग गरिबाला परवडत नाही. आमचा राग उबवायचा असतो. रोज हातानं फिरवायचा, ओला ठेवायचा, आणि दिवस भरायच्या आत फोडायचा नाही.

दिवस भरायच्या आत फोडलं की काय होतं ते आम्ही बघितलं. गावाला हिशोब कोंबडीचा ठाऊक. तीन आठवडे झाले की पिलू. ते तीन आठवडे गेले तरी बदकीखाली काही हलेना. बायका पाण्याला जाता जाता टोमणे मारायच्या. "निंगवा, दगडं उबवाया बसीवलीस का गं?" आयला ते लागायचं. एक दिवस निंगवा बारवेवर असताना आयनं एक अंडं काढलं. तिच्या मनात वाईट नव्हतं. नासलं असंल तर बाकीची नासायच्या आत कळावं, एवढंच. जात्याच्या कडेला टेकवून फोडलं. आत पिलू होतं. पुरं घडलेलं, चोच, नखं, भिजलेली पिसं, आणि जिवंत. आयच्या तळव्यावर त्यानं दोनदा तोंड उघडलं.

कोंबडीपेक्षा बदकीला एक आठवडा जास्ती लागतो. हे आयला कोणी सांगितलंच नव्हतं. निंगवाला वाटलं, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं.

निंगवा आली तेव्हा आय तशीच बसली होती, हात पुढं धरून. निंगवानं ते आयच्या हातातनं घेतलं, कण्हेरीखाली पुरलं, आली आणि आयचे हात स्वतः धुतले. म्हणाली, "आत्याबाई, ह्ये तुमच्या नावावर न्हाय. ह्येबी त्येच्याच नावावर." तेव्हापासून आय रांजणापुढं घोंगडं टाकून बसायची. टोमणे मारणारीला म्हणायची, "फुडं हो भवाने, तुझी सावली पडतीया."

पिलं निघाली त्या सकाळी वारा पडला होता. आधी आवाज. कवचाच्या आतनं, लांब कुठंतरी कोणी काडीनं भिंत खरवडावी तसा. निंगवानं एक अंडं कानाला लावलं आणि तिचं तोंड असं झालं, की मी ते आजवर विसरलो नाही. मग मला कानाला लावायला दिलं. मग आयला. एकेक कवच तडकलं. ओली, पिवळी-काळी, नाचऱ्या पायांची पिलं बाहेर पडली आणि बदकीच्या पोटाखाली शिरली. आय मोठमोठ्यानं देवाला हाका मारत होती.

शेवटचं अंडं अडलं. चोचीएवढं भोक पडलं, आणि मग काही नाही. आतनं आवाज यायचा, बारीक होत चाललेला. ते कडेचं अंडं, बदकीची ओल त्याला कमी लागली असावी. मी म्हणालो, "सोलून काढू." निंगवा माझ्या अंगावर आली. "सोललं तर रगत येईल. त्येची नाळ अजून कवचाला हाय." तिनं सकाळची घागर घेतली, पाटलाच्या रांजणाची. त्यातलं पाणी चुलीवर कोमट केलं, लुगड्याचा कोपरा भिजवला, आणि अंडं ओंजळीत धरून भोकाच्या कडेनं थेंब थेंब सोडत बसली. चोचीत पाणी जायला नको, पापुद्रा भिजायला पाहिजे. ऊन चढत गेलं. पाणी गार झालं की पुन्हा कोमट करायचं. घागर अर्ध्यावर आली.

पाटलाचा गडी ओरडत आला, तोच, नर नेणारा. "कोळ्या! पाणी कुठं हाय? पाटील तोंड धुवायचं थांबल्यात!"

मी उठायला लागलो. निंगवानं मान वर केली नाही.

"थांबू द्या," ती म्हणाली. "हितं एकजण जन्मायचं थांबलंय."

गडी उभा राहिला. बघत राहिला. मग का कोण जाणे, उकिडवा बसला. त्याच्या देखत तो पापुद्रा सुटला. पिलानं अंग ताणलं, कवच गोल फिरून उघडलं, आणि ते तिच्या तळव्यावर पडलं, ओलं, मेल्यासारखं. मग श्वास. त्या दिवशी पाटलाला मी पाणी दुपारी नेलं. त्यानं शिव्या घातल्या. मी ऐकत होतो आणि माझ्या कानात दुसराच आवाज होता.

पण खरा निकाल अजून लागायचा होता. नर निघाला तर वेल चालणार. सगळ्या माद्या निघाल्या तर हे सगळं एका पिढीपुरतं, मग संपलं. लहानपणी बदकाचं काही कळत नाही. पाऊस आला, पेरण्या झाल्या, पिलं चिखलात वाढली. एकेकीला कंठ फुटला, कलकलाट सुरू झाला. मादी. मादी. हीबी मादी. निंगवा दर वेळी मान वळवायची. श्रावणात एका संध्याकाळी ते शेवटचं, अडलेलं, डोणीवर चढलं आणि ओरडायला गेलं. हॅस. हॅस. घसा बसलेला. निंगवा धावत आत गेली, देवाच्या फळीवरचं पीस आणलं आणि त्याच्या शेपटीला लावून बघितलं. तिथं एक कोवळं पीस नुकतं वर वळायला लागलं होतं.

ती तेव्हा रडली. नर नेला त्या दिवसाचं सगळं.

पुढं मोगलाई गेली. फौजा आल्या, झेंडे बदलले, चावडी तीच राहिली. गिरदावर साहेब गेले ते परत दिसले नाहीत. पाटलाचा दरारा उतरला, आणि थंडीत दमा असा चढला की त्याची शिट्टी वेशीपर्यंत ऐकू यायची. लोहाऱ्याच्या हकिमानं त्याला सांगितलं, बदकाचं अंडं घ्या, सकाळी, दुधात. सगळ्या मुलखात बदकं एका घरी. त्यानं गडी पाठवला.

निंगवा म्हणाली, "गड्याला न्हाय मिळायचं. दमा ज्याला त्यानं यावं."

तो आला. पटका बांधून, काठी टेकत, आमच्या दारात. मी आत होतो. निंगवानं अंडं हातात घेतलं होतं, पण हात मागं.

"काय पायजे?"

"अंडं पायजे, बाई."

"ह्या बदकीचा जुना नर कुठं गेला व्हता, ठावं हाय का?"

पाटलाच्या छातीत शिट्टी.

"बोला. मग देते."

"साहेबाला दिला व्हता," तो खाली बघून म्हणाला.

"साहेबानं मागितला व्हता?"

"न्हाय."

"मग कुणी दिला?"

"म्या दिला."

"मोठ्यानं. माझ्या सासूला कमी ऐकू येतं."

आय आत चुलीपाशी, तिचे कान सशासारखे. तिनं तोंडात पदर कोंबला.

"म्या दिला!" पाटील ओरडला आणि खोकत खाली बसला. निंगवानं त्याच्या हातात अंडं ठेवलं. गरम होतं, नुकतं घातलेलं. पाणीबी दिलं तांब्याभर, स्वच्छ पाणी. दुसऱ्या दिवशी तो परत आला. पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीबी. सगळा हिवाळा तो आमच्या दारात येऊन तेच बोलत होता, आणि शेजारपाजारची माणसं त्या वेळेला नेमकी अंगणात काहीतरी निवडत बसायची. एकही दिवस तिनं त्याला अंडं नाकारलं नाही. आणि एकही दिवस न बोलता दिलं नाही.

मी एकदा विचारलं, "पुरे की आता?" म्हणाली, "त्येचा दमा जाईल तवा माझा जाईल." त्याचा गेला नाही. तो दम्यानंच गेला. हिचा तर नाहीच.

माघात ती बाजेवर होती. बोलणं तुटक झालं होतं. शेवटचं बोलली ते मला किंवा देवाला उद्देशून नव्हतं. "डोणीत पाणी हाय का?" मी म्हणालो, हाय. मग डोळे मिटले. ते पीस मी तिच्या मुठीत दिलं, तिच्याबरोबर गेलं. आता दारात नळ आहे. एक दिवसाआड येतो. आला की पहिल्यांदा डोणी भरतो, मग माझा माठ. बदकी सकाळी उतरते, ठिबकत जाते, बसते. मी तिला कानडीत बोलवतो. माझ्या तोंडून ते येत नाही नीट, पण ती येते.

आज सकाळी पाटलाचा नातू आला, मोटारसायकलवर. चांगला शिकलेला आहे, दारू नाही, तंबाखू नाही. निंगवाच्या मातीला आला होता. त्यानं रानात शेततळं केलंय, निळा कागद घालून. म्हणाला, "आजोबा, पिलं निघाली की एक जोडी द्या ना. तळ्यात सोडतो. पाणीच पाणी आहे तिथं."

पाणीच पाणी. तिची पिलं त्याच्या पाण्यात पोहणार. मग म्हणालो, "देतो. पण उंबऱ्याबाहेर उभा ऱ्हा. बोलावं लागतंय."

"काय बोलायचं?"

मी सगळं सांगितलं. तो हसायला लागला, म्हातारा गंमत करतोय असं त्याला वाटलं. मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि हसू थांबलं. गाडीची किल्ली मुठीत धरून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, बरोबर तिथं, जिथं त्याचा आजा उभा राहायचा.

"माझ्या आजोबांनी दिला होता," तो हळू म्हणाला. "साहेबानं मागितला नव्हता."

रांजणात बदकीनं मान वर केली.

"मोठ्यानं बोल बाबा," मी म्हणालो. "ती आता लांब गेलीया."